कॉक्सिक्स म्हणजे कोकिळेची चोच, आणि माकडहाडही तेच

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ५८. पावसात मागच्या दारच्या पायरीवरून घसरून बुडावर आपटल्या. एक्स-रेच्या रिपोर्टात ‘अँटिरिअर अँग्युलेशन ऑफ कॉक्सिक्स’ असं लिहून आलं. शेजारच्या मावशींनी ‘माकडहाड वाकलंय, कुणाकडून तरी बसवून घ्या’ असं सांगितलं आणि तेव्हापासून आईंनी हाय खाल्ली आहे. विचारलेल्या गोष्टी तीन. कॉक्सिक्स या शब्दाचा अर्थ काय आणि तो आला कुठून? माकडहाड ते हेच का? आणि शेपटाचा उरलेला तुकडाच असेल, तर तो काढून टाकला तर काय बिघडतं?

ताई, मी कोल्हापुरात हाडांची प्रॅक्टिस करतो. जून ते सप्टेंबर हे दुखणं घेऊन येणारी माणसं ओपीडीत असतातच. ओली शहाबादी फरशी, शेवाळलेली पायरी, न्हाणीघर. आल्या आल्या ओळखू येतात. खुर्चीच्या कडेवर, एका कुल्ल्यावर भार देऊन, दोन्ही तळहात सीटवर टेकवून बसतात आणि उठताना तोंड वेडंवाकडं करतात. ‘डाक्टर, मी पायरीवरनं घसरलो, आता बसायच येत न्हाई बघा,’ असं आज्जी सांगतात. (आमच्याकडच्या बायका ‘मी घसरलो’च म्हणतात. पुण्याहून आलेल्या ज्युनिअर डॉक्टरांना पहिले काही दिवस पेशंटचा नवराच पडलाय असं वाटत राहतं.) तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी शब्दापासून सुरू करतो, कारण आईंच्या भीतीवरचं निम्मं औषध त्या शब्दातच आहे.

कॉक्सिक्स हा मूळचा ग्रीक शब्द, ‘कोक्कुक्स’. अर्थ कोकीळ. आपली काळी कोकीळ नव्हे, तिचाच युरोपातला भाऊबंद, ज्याला इंग्रजीत कुकू म्हणतात तो पक्षी. त्याच्या ओरडण्यावरूनच हे नाव पडलं. संस्कृतातला कोकिल, लॅटिनमधला कुकुलस, इंग्रजी कुकू, ही सगळी एकाच पद्धतीनं तयार झालेली नावं. पक्षी जसा ओरडला तसं माणसांनी त्याला हाक मारली. आपल्याकडचा ‘पेर्ते व्हा’ म्हणणारा पावशा याच कुळातला. भारद्वाजही त्यातलाच.

आता पाठीच्या कण्याच्या टोकाला पक्षी कुठून आला? हाडाला हे नाव अलेक्झांड्रियातल्या हिरोफिलसनं दिलं असं मानतात. हा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला वैद्य. माणसाच्या मृतदेहाचं पद्धतशीर विच्छेदन करणाऱ्या अगदी पहिल्या लोकांत त्याचं नाव घेतात. पुढे चारेकशे वर्षांनी गेलन या रोममधल्या ग्रीक वैद्यानं कारणही लिहून ठेवलं, की हे हाड कोकिळेच्या चोचीसारखं दिसतं. वरचा भाग रुंद, खाली निमुळता होत जाणारा आणि टोकाशी पुढे वळलेला. ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांनी भारद्वाज जवळून पाहिलेला असतो. बांधावर उतरून तो किडे शोधतो तेव्हा त्याची जाड, वळलेली काळी चोच आठवा. तिचा वरचा अर्धा भाग उलटा धरून कण्याच्या शेवटी लावला की कॉक्सिक्स झालं. हे मी रंगवून सांगत नाही. बाजूनं काढलेल्या एक्स-रेत ते खरोखर तसंच दिसतं.

आईंना सांगायचं ते इथेच आहे. चोच जन्मतःच वळलेली असते. कॉक्सिक्स पुढे वळलेलं असणं हा त्याचा आकार आहे, मोड नव्हे. ‘अँटिरिअर’ म्हणजे पुढच्या बाजूला, ‘अँग्युलेशन’ म्हणजे कोन असणं. रिपोर्ट लिहिणाऱ्यानं जे दिसलं ते लिहिलं. ते पडल्यामुळे झालं असं त्यानं कुठेही म्हटलेलं नाही. पडण्याआधीचा एक्स-रे कुणाकडेच नसतो. त्यामुळे आईंचं हाड आधीही तितकंच वळलेलं असण्याची शक्यता चांगलीच आहे.

हा वळसा प्रत्येकात सारखा नसतो. इटलीतल्या पोस्टाकिनी आणि मासोब्रिओ या दोघांनी १९८३ मध्ये दुखणं असलेल्या आणि नसलेल्या लोकांचे एक्स-रे ताडून त्याचे चार प्रकार मांडले. पहिल्यात हलकासा वळसा आणि टोक खाली. दुसऱ्यात वळसा जास्त, टोक सरळ पुढे. तिसऱ्यात मध्येच तीव्र कोन. चौथ्यात सांध्याशी हाड थोडं सरकलेलं. सर्वांत जास्त माणसं पहिल्या प्रकारातली. पण बाकीचे तीन प्रकारही काहीच न दुखणाऱ्या माणसांत सापडतात. दुखण्याची शक्यता त्यांच्यात जास्त, एवढंच. म्हणून नुसता फोटो पाहून ‘वाकलंय’ असं सांगणाऱ्यावर, मग ती शेजारीण असो की डॉक्टर, लगेच विश्वास ठेवू नका. बोटानं नेमकं टोक दाबल्यावर तीच ओळखीची कळ उठते का, हे फोटोपेक्षा महत्त्वाचं.

गेलनबद्दल एक गंमत सांगायची राहिली. रोममध्ये त्याच्या काळी माणसाचं प्रेत फाडायला मनाई होती. त्यानं शरीररचना शिकली ती मुख्यतः जनावरांवर, आणि त्यातही उत्तर आफ्रिकेतल्या बार्बरी माकडांवर. हे माकड असं, की त्याला दिसण्याजोगं शेपूटच नसतं. म्हणजे ज्यानं या हाडाच्या पक्ष्याच्या नावाचं कारण सांगितलं, त्याच्या हाताखाली बहुतेक वेळा बिनशेपटाचं माकड होतं! माणसाबद्दल गेलननं लिहिलेल्या कितीतरी गोष्टी प्रत्यक्षात माकडाच्या आहेत, हे व्हेसालिअस या शरीरशास्त्रज्ञानं १५४३ मध्ये आपला ग्रंथ छापून दाखवून दिलं. तोवर तेराशे वर्षं तीच विद्या शिकवली जात होती. माझ्या दृष्टीनं शरीरशास्त्राच्या इतिहासात याच्याइतका मजेशीर योगायोग दुसरा नाही, कारण मराठी माणसानं ग्रीक काही न वाचता त्याच हाडाला माकडाचं नाव दिलं.

चोचीचं कारण सगळ्यांना पटलं होतं असंही नाही. सतराव्या शतकातला पॅरिसचा शरीरशास्त्रज्ञ झाँ रिओलाँ (धाकटा) यानं लॅटिनमध्ये, अगदी गंभीर चेहऱ्यानं, दुसरी व्युत्पत्ती लिहून ठेवली आहे. माणूस वारा सोडतो तेव्हा तो या हाडावर आपटून कोकिळेसारखा आवाज येतो, म्हणून हे कोकिळेचं हाड. ही व्युत्पत्ती अर्थातच कुणी मानत नाही. पण दुखणं घेऊन आलेल्या आज्जीला ती सांगितली की त्या हसतात, आणि हसताना अंग सैल सोडतात. तपासणी त्यामुळे सोपी होते. तेवढ्यापुरता रिओलाँ माझ्या कामाचा आहे.

आता दुसरा प्रश्न. हो, माकडहाड ते हेच. मराठीत या हाडाला तीन-चार नावं आहेत आणि प्रत्येक नाव वेगळी गोष्ट सांगतं. पाठ्यपुस्तकातलं नाव ‘अनुत्रिक’. कंबरेच्या कण्याखाली, दोन्ही खुब्यांच्या हाडांमध्ये पाचर मारल्यासारखं जे त्रिकोणी हाड असतं ते त्रिक. अमरकोशात ‘पृष्ठवंशाधरे त्रिकम्’ असं आहे, म्हणजे पाठीच्या कण्याच्या खाली त्रिक. त्याच्या मागोमाग येतं ते अनुत्रिक. नुसता पत्ता सांगणारं नाव. बिनचूक, पण कोरडं. ‘पुच्छास्थि’ म्हणजे शेपटीचं हाड, हेही पुस्तकीच. सुश्रुतसंहितेत कटिभागात पाच हाडं मोजली आहेत, चार गुद, भग आणि नितंब यांची आणि एक त्रिकाचं. त्यातलं गुदाशी जोडलेलं हाड म्हणजे आपलं अनुत्रिक, असा अर्थ होर्नले या अभ्यासकानं १९०७ च्या आपल्या ग्रंथात लावला. आयुर्वेदाच्या पदवीधरांकडून म्हणूनच ‘गुदास्थि’ हा शब्दही कानावर येतो.

पण ओपीडीत यातला एकही शब्द चालत नाही. तिथे चालतं माकडहाड. गावाकडची म्हातारी माणसं ‘शेपटीचं हाड’ही म्हणतात. पन्हाळ्याच्या तटावर बसलेलं माकड पाठमोरं पाहा. शेपूट जिथून फुटतं ती जागा आणि आपण पडलो की जिथे कळ येते ती जागा, दोन्ही एकच. नाव देणाऱ्यानं कुठलाही सिद्धांत मांडला नव्हता, नीट पाहिलं होतं. आईंना या नावाचा राग येत असेल तर सांगा, की अरबीतही तेच आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुसलमान पेशंटपैकी काही जण ‘अज्ब अल्-ज़नब’चा विषय काढतात. शब्दशः अर्थ शेपटीचं मूळ. माणसाचं सगळं शरीर मातीत मिसळतं, एवढं हाड राहतं आणि त्यापासूनच शरीर पुन्हा उभं केलं जाईल, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे. त्याच्या वरच्या हाडाला, म्हणजे त्रिकाला, लॅटिनमध्ये ‘ओस सॅक्रम’ म्हणतात, पवित्र हाड. तेव्हा आईंच्या कण्याच्या टोकाला वर पवित्र हाड आणि खाली माकड, असा सगळा बेत आहे. मारुतीच्या भक्ताला तर यात काहीच वावगं वाटू नये.

शेपटाचा भाग खरा आहे का, हेही विचारलं आहे. खरा आहे. गर्भ साधारण चौथ्या आठवड्यात असतो तेव्हा त्याला चक्क शेपूट असतं, दहा-बारा मणक्यांच्या कच्च्या आराखड्यासकट. आठव्या आठवड्यापर्यंत ते आत ओढलं जातं, विरतं आणि उरतात ते तीन ते पाच तुकडे, बहुतेकांत चार. सगळ्यात वरचा जरा मोठा, त्याला दोन बारीक शिंगं असतात. खालचे लहान होत होत शेवटचा वाटाण्याएवढा. मिरजेला मेडिकलला असताना आम्हा पोरांकडे अभ्यासासाठी हाडांचा संच असायचा. त्यात मांडीचं हाड, कवटी, सगळं शाबूत असायचं आणि हे मात्र नसायचं. एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जाताना कुठल्या तरी खोलीतल्या केरात गेलेलं. तोंडी परीक्षेत मात्र हटकून विचारायचे.

डार्विननं १८७१ मध्ये माणसाच्या वंशावळीवरच्या ग्रंथात या हाडाचा उल्लेख शेपटाचा अवशेष म्हणूनच केला. माणूस आणि इतर बिनशेपटी वानरं यांच्या पूर्वजांचं शेपूट सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी गेलं. ते कसं गेलं असावं याचा एक चांगला धागा २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये मांडला. टीबीएक्सटी नावाच्या जनुकात ‘अलू’ जातीचा डीएनएचा एक छोटा तुकडा येऊन बसला आणि त्या जनुकाचा संदेश थोडा वेगळा वाचला जाऊ लागला. उंदरांत तसा बदल घडवल्यावर काहींचं शेपूट आखूड झालं, काहींना आलंच नाही. त्यातल्या काही उंदरांत मज्जारज्जूचे जन्मजात दोषही दिसले. म्हणजे शेपूट जाण्याची किंमतही मोजावी लागली, असं दिसतं.

यावरून थेट तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. ‘अवशेष’ या शब्दानं लोकांचा फार घोटाळा होतो. अवशेष म्हणजे पूर्वीचं काम गेलेलं, सगळंच काम गेलेलं नव्हे. हाड बोटाच्या दोन पेरांएवढं, पण त्याला काय काय बांधलेलं आहे पाहा. कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूचे खालचे धागे, गुदद्वाराभोवतीचा स्नायू, आणि ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू. हे तळाचे स्नायू कुत्र्यामांजरांत शेपूट हलवायच्या कामी येतात. आपलं शेपूट गेलं, आपण दोन पायांवर उभे राहिलो आणि आतड्यांचा, मूत्राशयाचा, गर्भाशयाचा भार खाली आला. मग शेपूट हलवणाऱ्या त्याच स्नायूंचा झोळणा झाला. त्या झोळण्याचं मागचं टोक बांधलेलं आहे ते या माकडहाडाला. बाळंतपणात डोकं बाहेर येताना हेच हाड मागे सरकून वाट करून देतं. बसतानाही दोन बाजूंची बैठकीची हाडं आणि मागे हे, असा तिहेरी टेका असतो. पुढे झुकून बसलं की भार बैठकीच्या हाडांवर जातो, रेलून बसलं की याच्यावर येतो. सोफ्यात रुतून टीव्ही पाहताना आईंना जास्त दुखतं आणि स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर कमी, असं होत असेल तर कारण हे.

रिपोर्टात आणखी काही शब्द आले असतील. ‘सॅक्रोकॉक्सीजिअल’ म्हणजे त्रिक आणि माकडहाड यांच्यामधला सांधा. ‘कॉक्सिडिनिया’ म्हणजे माकडहाडाचं दुखणं. यातला ‘ओडिनी’ हा ग्रीक शब्द म्हणजे वेदना. हे नाव एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सननं १८५९ मध्ये रूढ केलं, बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारा तोच सिम्प्सन. ‘कॉकाय’ जातीच्या जंतूंशी मात्र कॉक्सिक्स या शब्दाचा संबंध नाही, ते ‘कोक्कोस’वरून, म्हणजे दाणा.

एका शब्दाशी मात्र गल्लत खरोखर होते आणि तिनं त्रास होतो, म्हणून सांगतो. ‘कॉक्सा’. हा लॅटिन शब्द, अर्थ खुबा. ‘कॉक्सा व्हेरा’, ‘कॉक्सार्थ्रोसिस’ ही खुब्याची दुखणी, माकडहाडाची नव्हेत. तोंडी निरोपात, फोनवर, कधी घाईत लिहिलेल्या चिठ्ठीतसुद्धा कॉक्सा आणि कॉक्सिक्स यांची अदलाबदल होते, आणि माणूस भलत्याच जागेचा एक्स-रे काढून येतो. एक्स-रे काढायला जाताना सरळ मराठीत ‘माकडहाडाचा, बाजूनं’ असं सांगावं, चूक होत नाही. जाता जाता, हा कॉक्सा आणि आपली काख या सख्ख्या बहिणी. संस्कृत ‘कक्ष’ आणि लॅटिन ‘कॉक्सा’ एकाच मुळातून आलेले. एका भाषेत तो शब्द कंबरेशी थांबला, दुसरीत बगलेत जाऊन बसला. असं शब्दांचं चालतं.

आता आईंचं काय करायचं ते. इथे मी लांबड लावत नाही.

‘बसवून घेणं’ हे डोक्यातून काढा. वळलेलं हाड सरळ करणं म्हणजे चोच सरळ करणं, ती सरळ नव्हतीच. गुदद्वारातून बोट घालून सांध्याची आणि स्नायूंची हालचाल करण्याची पद्धत वैद्यकात आहे, पण ती प्रशिक्षित हातानं, निवडक रुग्णांत, दुखणं लांबलं तर. पडून आठवडा झाला नाही तोवर कुणा हाडवैद्याकडून जोरानं दाबून, ओढून घेणं म्हणजे सुजलेल्या जागेवर दुसरा मार. आमच्या भागात हाडं बसवणारी जुनी घराणी आहेत, त्यांच्या हाताला गुणही असतो, तालमीतला निखळलेला खांदा बसवताना मी त्यांना पाहिलं आहे. हे हाड त्यांच्या कामाचं नाही. पैलवान याच्यासाठी माझ्याकडे क्वचितच येतात. एक तर त्यांना पडायचं कसं ते शिकवलेलं असतं, आणि खाली ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली लाल माती असते. पायरीवर यातलं काहीच नसतं.

पहिले काही दिवस बर्फाचा शेक, मग कोमट पाण्याच्या टबात बसणं. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी नियमानं आणि थोडेच दिवस. रक्तदाब, मूत्रपिंड, पित्ताचा त्रास असेल तर ते गोळी देणाऱ्याला आधी सांगायचं. बसायला पाचरीच्या आकाराची, मागच्या बाजूनं कापलेली उशी घ्या. गोल टायरसारखी उशी बाजारात जास्त दिसते, पण तिच्यात माकडहाड भोकाच्या कडेवर येऊन ताणलं जातं. मला ती आवडत नाही. कापलेली उशी मिळाली नाही तर दोन घट्ट घडी केलेले टॉवेल दोन मांड्यांखाली ठेवा आणि मागची जागा मोकळी सोडा. उठताना आधी पुढे वाकायचं, मग उठायचं. दुचाकीवर मागे बसणं काही दिवस बंद, आपल्या गल्लीबोळांतले स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेतच.

आणि शौचाला कडक होऊ द्यायचं नाही. हे लोक सर्वांत हलक्यात घेतात. कुंथताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात आणि ते या हाडाला ओढतात, म्हणजे दररोज सकाळी नवी दुखापत. पाणी, पालेभाजी, भाकरी, लागलं तर इसबगोल. तांबडा-पांढरा थोडे दिवस मागे ठेवा म्हटलं तर कोल्हापुरात डॉक्टर बदलतात, म्हणून मी म्हणत नाही. सोबत पाणी आणि काकडी-मुळा वाढवा, एवढंच सांगतो.

बायकांत हे दुखणं पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त, साधारण पाच पट. त्यांचा कटिभाग रुंद असल्यानं बसताना हे हाड जास्त उघडं पडतं. बहुतेकांचं, दहात नऊ जणांचं म्हणा, वर सांगितलं त्यानंच बरं होतं. मात्र वेळ लागतो. आठवड्यात बरं झालं नाही म्हणून घाबरायचं नाही, काही जणांना दोन-तीन महिने लागतात. तेवढ्यानंही भागलं नाही तर पुढचा तपास करायचा. उभं राहून एक आणि दुखतं त्या बसण्याच्या स्थितीत एक, असे बाजूचे दोन एक्स-रे काढतात आणि ताडून पाहतात. ही पद्धत फ्रान्सच्या मेन्य यांनी रूढ केली. बसल्यावर हाड ५ ते २५ अंशांपर्यंत हललं तर ते नेहमीचं, त्याहून जास्त किंवा सांधाच सरकला तर दुखण्याचं कारण सापडलं. आईंचा आताचा एकच फोटो झोपवून काढलेला असणार, त्यातून हे कळत नाही. मग इंजेक्शन, तेही सांध्याभोवती किंवा हाडाच्या पुढ्यात असलेल्या मज्जातंतूंच्या एका गाठीजवळ.

ऑपरेशन करून माकडहाड काढता येतं. वर्षभर सगळं करूनही बसणं अशक्य असेल आणि तपासात हाड नेमकं दोषी ठरलं असेल तर आम्ही ते करतो, आणि नीट निवडलेल्या रुग्णांत चांगला गुण येतो. पण जखम गुदद्वारापासून चार बोटांवर असते. जंतुसंसर्ग आणि जखम चिघळणं हा त्या ऑपरेशनचा नेहमीचा धोका आहे, शिवाय तिथे बांधलेले स्नायू सोडवून पुन्हा शिवावे लागतात. ‘अवशेष आहे, काढून टाका’ हे कारण पुरेसं नाही. पडून महिनाही न झालेल्या बाईला तर कुणी ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

उशी आणि गोळ्यांवर बसून न राहता लवकर दाखवायची लक्षणं अशी. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, किंवा बसतो त्या जागेला बधिरपणा येणं. यात त्याच दिवशी, थेट इस्पितळात. ताप, किंवा कुल्ल्यांमधल्या खाचेत वर गाठ येऊन पू येणं. तो बहुधा केसांच्या खड्ड्यातला फोड असतो, माकडहाडाशी त्याचा संबंध नसतो आणि त्याचा सर्जन वेगळा. आणि ज्याला पडल्याचं कारण नाही, जे बसण्याशी संबंध नसताना रात्री झोपेतून उठवतं, सोबत वजन उतरतंय, असं दुखणं. कारण या भागात कॉर्डोमा नावाची एक दुर्मीळ, हळू वाढणारी गाठ होते आणि ती साध्या एक्स-रेत चुकू शकते, तिला एमआरआय लागतो. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काहीच नाही. सहा आठवड्यांनी फरक वाटला नाही तर आईंना घेऊन तुमच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि बसून काढलेल्या एक्स-रेबद्दल विचारा.